पायाचं माप

आपल्याकडे धंद्याला एका शब्दाचं नाव असलं की माणूस सुखाने जगतो. शिंपी, सुतार, कासार, वकील. लग्नाच्या बाजारात ‘मुलगा काय करतो?’ या प्रश्नाचं उत्तर एका श्वासात देता आलं पाहिजे. दुसरा श्वास घ्यावा लागला की मुलीकडच्यांना संशय येतो. म्हणूनच आज ज्या मंडळींविषयी सांगणार आहे त्यांची मला काळजी वाटते. त्यांच्या पदवीचं नाव ‘प्रोस्थेटिक्स अँड ऑर्थोटिक्स’. कवळी सैल असणाऱ्यांनी हे नाव घेऊ नये. अर्थ तसा साधा आहे. जो अवयव आहे पण नीट काम देत नाही, त्याला पट्टा, बूट, कॅलिपर असा आधार करून देतो तो ऑर्थोटिस्ट. जो अवयव राहिलाच नाही, त्याच्या जागी दुसरा करून देतो तो प्रोस्थेटिस्ट. बहुधा दोन्ही एकच इसम असतो. मराठीत ‘कृत्रिम अवयवतज्ज्ञ’ असा शब्द काढलेला आहे. फलकावर तो शोभतो, पण त्याने हाक मारता येत नाही.

सरकारदरबारी आणि इस्पितळात अशा लोकांना ‘संलग्न’ म्हणतात. लग्नपत्रिकेत आजोबा, काका, मामा यांची नावं छापून झाल्यावर शेवटी ‘समस्त आप्तेष्ट’ अशी एक ओळ असते ना, त्यातला हा प्रकार. पंगतीत वाढायला, गाड्या अडवायला, हरवलेली चप्पल शोधायला हेच आप्तेष्ट धावतात, पण फोटोत दिसत नाहीत.

माझा त्यांच्याशी संबंध आला तो आमच्या मामांमुळे. मामा नागावचे. अलिबागहून रेवदंड्याच्या रस्त्याला लागलं की आक्षी, मग नागाव. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळी आणि मागे समुद्र. मामांची वाडी त्यातलीच. वीस वर्षांचा मधुमेह आणि वाडीत अनवाणी हिंडायची त्याहून जुनी सवय. मधुमेहात तळपायाची जाणीव बोथट होते. झापाचं टोक पायात कधी शिरलं ते मामांना कळलं नाही, आणि कळलं तेव्हा उजवा पाय गुडघ्याखाली वीतभर ठेवून कापावा लागला.

डोंबिवलीचा मुलगा लगेच आला. चांगला मुलगा आहे तो. म्हणाला, “बाबा, आता इथे एकटे राहू नका. आमच्याकडे लिफ्ट आहे. वाडी काढून टाकू.” नागावकडच्या वाडीचा भाव हल्ली गुंठ्यावर सांगतात, आणि सांगताना आवाज खाली आणतात. मामा काही बोलले नाहीत. कुबड्या टेकत ओटीवर आले आणि वाडीकडे पाठ करून बसले. मामा वाडीकडे पाठ करून बसलेले मी प्रथमच पाहत होतो.

मी मुंबईला राहतो. त्यामुळे तिकडच्या एका केंद्रात मामांना नेण्याचं काम ओघानेच माझ्याकडे आलं. आम्ही निघाल्यावर मामींनी शेजारी सांगितलं, “हे प्रोस्थेटिस्टकडे गेलेत.” संध्याकाळपर्यंत आळीभर मामांना प्रोस्टेटचा त्रास सुरू झाला होता. “आधीच पाय गेला, त्यात हे!” म्हणून एका सहृदय गृहस्थांनी गोखरूचा काढा पाठवला. मामींनी तो ठेवूनही घेतला. घरात काय केव्हा लागेल, सांगता येत नाही.

केंद्रात आमच्यासमोर आली ती आमच्या धाकटीच्या वयाची एक मुलगी. नागपूरकडची. मामा म्हणाले, “डॉक्टरीणबाई, नमस्कार.”

“मी डॉक्टर नाही काका. मी पाय करते.”

“शिकावं लागतं त्याला?”

“साडेचार वर्षं. शेवटचे सहा महिने प्रत्यक्ष काम.”

“एका पायासाठी साडेचार वर्षं?”

“हातही असतो काका,” ती शांतपणे म्हणाली. शेजारच्या बाकावर उरणकडचा एक कोळी बसला होता. जाळं ओढायच्या यंत्रात त्याची चार बोटं गेली होती. मामा गप्प झाले.

१९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वसन परिषदेकडे या लोकांची नोंदणी होते, हे मला नंतर कळलं. म्हणजे कुणीही उठावं आणि पाय करावा, असं नाही.

माझी कल्पना होती की टेप काढील, लांबी-रुंदी लिहून घेईल, आणि पुढच्या गुरुवारी न्यायला या म्हणेल. टेप काढली खरी, पण ते काम दहा मिनिटांत आटोपलं. त्याआधी अर्धा तास तिने नुसत्या चौकशा केल्या. आमच्या बहिणीला पाहायला आलेल्यांनीही इतक्या केल्या नव्हत्या.

“घरात चपला घालता?”

“घरात? चपला?” मामांनी माझ्याकडे पाहिलं. जणू मीच तिला असं शिकवून ठेवलं होतं.

“जेवायला खाली बसता का टेबलावर?”

“पाटावर.”

“संडास कुठल्या पद्धतीचा?”

मामा लाल झाले. चाळीस वर्षांच्या संसारात मामींनीही हा विषय असा उघडपणे काढला नसेल. पण मुलगी पेन्सिल धरून थांबलेली. शेवटी मामांनी भिंतीला उद्देशून उत्तर दिलं. मग वाडीतली जमीन ओली का कोरडी, वाळूत किती चालता, ओझं उचलता का. मामा म्हणाले, “ओझ्याचं सोडा. मला साकव ओलांडता आला पाहिजे.”

“साकव म्हणजे?”

नागपूरकडच्या मुलीला साकव कुठून ठाऊक असणार! मामा खुलले. घराच्या आणि वाडीच्या मधून पावसाळी वहाळ जातो, त्यावर पोफळीची दोन खोडं टाकलेली आहेत, तो साकव. रुंदी एक वीत चार बोटं. तिने ते कागदावर लिहून घेतलं, वीत मामांच्याच हाताची मोजून. तिने मामांच्या पायाचं माप घेतलं असं आपण म्हणतो. मला तर ती त्यांच्या दिवसाचंच माप घेताना दिसली.

या चौकशांना एक इतिहास आहे. साहेबी नमुन्याचा पाय बुटात घालायचा असतो; त्याचा घोटा ताठ, टाच तेवढी मऊ. बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्याला तो उत्तम. पण आपला माणूस उकिडवा बसतो, मांडी घालतो, चिखलात अनवाणी उतरतो. असा पाय मिळालेली आपली माणसं तो दाराआड उभा करून पुन्हा कुबड्या घेत. १९६८ च्या सुमारास जयपूरला रामचंद्र शर्मा नावाच्या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबर आणि लाकूड यांचा पाय केला. तो बुटाशिवाय चालतो, सगळ्या बाजूंनी वाकतो, वर दिसतोही पायासारखा. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शर्मांचं नाव मात्र निम्म्या लोकांना ठाऊक नसतं. पुन्हा आप्तेष्ट! आपल्या पुण्यात तर सैनिकांसाठी १९४४ पासून कृत्रिम अवयव केंद्र आहे. त्याहून मागे जायचं तर ऋग्वेदात अश्विनीकुमारांनी विश्पलेला लोखंडी पाय बसवल्याचा उल्लेख आहे. फिटिंगसाठी तिला किती खेपा घालाव्या लागल्या, ते मात्र ऋषींनी दिलेलं नाही.

आम्हाला पाच पडल्या. पहिल्या खेपेला पायावर प्लास्टरची ओली पट्टी गुंडाळून साचा घेतला. त्यात प्लास्टर ओतून पायाची प्रतिकृती केली आणि मग ती मुलगी कानस घेऊन ती तासत बसली. गुडघ्याच्या वाटीखालची शिरा भार सोसते, तिथे थोडं खरवडायचं. बाजूचं हाड टोचतं, तिथे थोडं लिंपायचं. गौरी-गणपतीच्या आधी पेणला कारखान्यांत मूर्तींवर हात फिरतात, तशी तिची बोटं फिरत होती. त्या प्रतिकृतीवर तापवलेलं प्लॅस्टिक चढवलं की पायाची खोबण तयार. दोन दोरे इकडेतिकडे झाले तर माणूस आठवड्यात पाय काढून ठेवतो.

मामांनी तिला आपली खाजगी व्यथाही सांगितली. नसलेल्या पायाचा अंगठा रात्री खाजतो. मामी उठून विचारीत, “कुठे खाजवू?” आणि मामा चादरीवरच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवीत. मामी तिथे खरोखरच खाजवीत. आळीत कुणालाच हे ठाऊक नव्हतं; आम्हाला वेड लागलंय म्हणतील, ही भीती. मुलगी हसली नाही. म्हणाली, “पुष्कळांना होतं काका. पाय गेला तरी मेंदूतला नकाशा जुनाच असतो.”

“तलाठ्याकडचाही जुनाच आहे,” मामा म्हणाले. ऑपरेशननंतरचा त्यांचा हा पहिला विनोद.

बाहेर बाकावर एक दीड वर्षाचं पोर होतं, दोन्ही बूट एका दांडीला जोडलेले. जन्मतः पाऊल आत वळलेलं. प्लास्टरने सरळ केलं, आता परत वळू नये म्हणून चार वर्षांचं होईतो रात्री हे बूट. आमच्या लहानपणी प्रत्येक शाळेत कॅलिपरचा खटखट आवाज करीत येणारा एक तरी पोलिओचा मुलगा असे. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला. आता नव्या मुलांत तो आवाज नाही. कॅलिपर करणाऱ्यांनी आपलं एक मोठं गिऱ्हाईक गमावलं आणि त्याचा आनंदच मानला. असा दुसरा धंदा मला माहीत नाही.

तिसऱ्या खेपेला मामा दोन दांड्यांच्या मधे उभे राहिले. मुलगी मागे जाऊन उकिडवी बसली आणि त्यांची चाल न्याहाळू लागली. घोट्याशी तिने काहीतरी जरासं फिरवलं. “आता?” पुन्हा जरासं. “आता?” मग तिने जमिनीवर चिकटपट्टीच्या दोन रेघा ओढल्या. मधे एक वीत चार बोटं. “हा तुमचा साकव. या.”

मामा आले. पहिल्यांदा रेघेवर पाय पडला, दुसऱ्यांदा पडला, सहाव्यांदा नाही. मी खिडकीबाहेर पाहत होतो. डोळ्यांत काहीतरी गेलं असावं. मुंबईत धूळ फार.

पाय झाला म्हणून सगळं पूर्ववत झालं, असं मी सांगणार नाही. पाटावरून उठताना अजून मामींचा खांदा लागतो. पावसाळ्यात पाय घामेजतो, मग दोन दिवस कुबड्या. पण अश्विनात वहाळाचं पाणी उतरल्यावर त्यांनी खरा साकव ओलांडला. मागून मामींनी सदरा घट्ट धरला होता. सदरा फाटला, मामा पोचले. मुलाने वाडीचा विषय तूर्त ठेवून दिला आहे. मामांना आता नवाच नाद लागला आहे. ओटीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची चाल पाहायची आणि ओरडून सांगायचं, “तुझी डावी टाच झिजलीय रे, खांदा पडतोय!” चांगली धडधाकट माणसं आमच्या घरासमोरून जायला बिचकू लागली आहेत.

कापलेला पाय पहिलं वर्ष-दोन वर्षं बारीक होत जातो आणि खोबण सैल पडते. मग आत जादा मोजे घालून वेळ भागवायची. परवा तिचा फोन आला.

“काका, मोजे किती घालता?”

“सकाळी तीन. संध्याकाळी पाच होतात.”

“पाच? मग या. नवी खोबण करू.”

मामांनी फोन ठेवला आणि मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या रो-रोची वेळ मला विचारली. मामी आत शहाळी किती न्यायची ते मोजत होत्या. मागच्या खेपेला दोन नेली होती, तर त्या मुलीने एक त्या दांडीवाल्या पोराला देऊन टाकलं.