चेहऱ्याचा करडा

काळ्या-पांढऱ्या फिल्मची खरी परीक्षा घ्यायची असेल तर दिवाळीनंतर, वेचणीच्या दिवसांत वऱ्हाडातल्या अमडापूरच्या शिवारात यावं. पायाखाली काळीभोर जमीन, कमरेएवढ्या कपाशीवर फुटलेली बोंडं, ढगाचा ठिपकाही नसलेलं आभाळ, आणि या सगळ्यात ओटीत कापूस भरणाऱ्या बाईचा सावळा चेहरा, तोही पदराच्या सावलीत. उन्हातला कापूस आणि पदराखालचा गाल यांच्या उजेडात पाच-सहा स्टॉपचा फरक सहज पडतो. शेजारच्या शेतातल्या मावशींनी एकदा मोबाइलवर काढलेला आपला फोटो मला दाखवला आणि म्हणाल्या, "कपाशी बराबर आली बाप्पा, पण माहं तोंड कुठी गेलं?"

फिल्म आणि डेव्हलपर निवडताना माझ्यापुढे हाच प्रश्न असतो. बारीक ग्रेन, धारदार कडा यांची चर्चा फोटोग्राफर फार करतात. मला आधी चेहऱ्याचा करडा लागतो, म्हणजे सावळ्या कातडीचा तो मधला पट्टा, ज्यात गालाचं हाड, डोळ्याखालची सुरकुती, कपाळावरचा घाम वेगवेगळे दिसले पाहिजेत. कापूस त्यानंतर. कापसात थोडा धागा दिसला की पुरे.

म्हणून इथल्या उन्हासाठी माझी पहिली निवड इलफोर्डची एचपी५ प्लस. डब्यावर ४०० लिहिलेलं असतं, मी मीटर २०० वर लावतो आणि मोजणी पदराच्या सावलीत करतो. सावलीत जे फिल्मवर उमटलंच नाही ते कुठल्याही डेव्हलपरला पुढे आणता येत नाही. उलट कापसासारखा लख्ख भाग किती दाट होऊ द्यायचा ते बऱ्याच अंशी धुताना आपल्या हातात असतं. सावलीसाठी एक्स्पोजर सढळ द्यायचं आणि उजेडासाठी डेव्हलपिंग आवरतं घ्यायचं, हा जुन्या लोकांचा नियम वऱ्हाडातल्या उन्हात अक्षरशः पाळावा लागतो. कोडॅकच्या ट्राय-एक्सवर माझं प्रेम आहे, पण तिच्यात उजेडाचा भाग जरा जास्त चमकतो. वर्तमानपत्री छायाचित्राला ती चमक शोभते. मावशींना ती नको.

डेव्हलपर म्हणाल तर डी-७६. कोडॅकचं हे सूत्र १९२७ च्या सुमारास सिनेमाच्या फिल्मसाठी आलं आणि अजून टिकून आहे: लिटरभर पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. इलफोर्डचं आयडी-११ म्हणजे जवळपास हेच. एवढं सल्फाइट चांदीच्या कणांच्या कडा थोड्या विरघळवतं, म्हणून ग्रेन मऊ दिसतो. त्यात तेवढंच पाणी घालून, म्हणजे एकास एक, वापरलं की तो मऊपणा कमी होतो आणि दुसरा फायदा मिळतो. लख्ख भागात काम जास्त असल्यामुळे तिथला पातळ डेव्हलपर लवकर थकतो, सावलीत मात्र काम चालू राहतं. डेव्हलपिंगची टाकी सतत हलवत राहिलो तर हा फायदा जातो. मिनिटातून एकदा, दोन-तीन वेळा हलक्या हातानं उलटी केली की बास.

इलफोर्डच्या तक्त्यात एचपी५ ला आयडी-११ एकास एकमध्ये १३ मिनिटं सांगितली आहेत, तीही २० अंश सेल्सिअसला. मी २०० वर काढलेल्या रोलसाठी त्यातून वीसेक टक्के कापतो. पण अडचण त्या २० अंशांची आहे. मे महिन्यात आमच्याकडे नळाचं पाणी हाताला पोळतं. डेव्हलपर तापला की वेळ आखडते, आणि पाच मिनिटांच्या आत रोल धुवायला गेलं की आभाळात पट्टे उमटतात. म्हणून उन्हाळ्यात फिल्म पहाटे धुवायची. रात्रभर माठात ठेवलेलं पाणी पंचविसाच्या आसपास उतरलेलं असतं. डेव्हलपर, हायपो, धुण्याचं पाणी, सगळं त्याच तापमानाचं ठेवायचं. एक गरम आणि एक गार असं झालं तर जिलेटीनला सुरकुत्या पडतात. बर्फ टाकून २० गाठण्याचा अट्टहास मी करत नाही. पातळ डेव्हलपरला मुळात वेळ जास्त लागतो, त्यामुळे पंचविसालाही हाताशी पुरेशी मिनिटं उरतात.

तरीही भर उन्हाळ्यात मी डी-७६ बाजूला ठेवतो आणि डी-२३ बनवतो. यात दोनच वस्तू: मेटॉल साडेसात ग्रॅम आणि सल्फाइट १०० ग्रॅम, एक लिटरला. हायड्रोक्विनोन तापमानाच्या चढउताराला मेटॉलपेक्षा फार जास्त प्रतिसाद देतं, उकाड्यात ते अंगात आल्यासारखं करतं. ते काढून टाकलं की उरतो शांत, सौम्य डेव्हलपर. कापूस फुटत नाही, चेहरा उघडतो. असा रोल मी ग्रेड २ च्या कागदावर निवांत छापतो. मेटॉल तोलताना हातमोजे मात्र घालावेत, काहींच्या कातडीला ते सोसत नाही. आणि पाणी गाळलेलं, क्षार काढलेलं घ्यावं. आमच्या विहिरींचं जड पाणी शेवटच्या विसळणीला वापरलं तर वाळताना निगेटिव्हवर पांढरे डाग बसतात.

आता कुंकू. घरातले फार जुने फोटो पाहा, पणजीच्या कपाळावरचं कुंकू कोळशासारखं काळं दिसतं. त्या काळच्या प्लेटला आणि फिल्मला लाल रंग दिसतच नसे. पुढे पॅनक्रोमॅटिक फिल्म आली, तिला लाल दिसू लागला, आणि नवीच पंचाईत झाली: सावळ्या कपाळावर लाल कुंकू जवळपास त्याच करड्या रंगात विरून जातं. अमडापूरच्या बल्लाळी देवीच्या दर्शनाला आलेल्या बायांचे फोटो काढताना मी म्हणून भिंगावर फिकट हिरवा फिल्टर लावतो. कुंकू गडद होतं, मळवट ठसठशीत उठतो, आणि कपाशीचं पान जरा उजळतं. पिवळ्या फिल्टरनं आभाळ सुंदर येतं, पण कुंकवाला त्याचा काही उपयोग नाही. ज्या मुलुखात कुंकू चेहऱ्याचाच भाग आहे, तिथल्या फोटोग्राफरनं आभाळापेक्षा कपाळाचा विचार आधी करावा असं मला मनापासून वाटतं.

पूर्वी गावोगावच्या स्टुडिओंत 'इंदू' फिल्म असायची, उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची. १९६० साली स्थापन झालेला हा सरकारी कारखाना आता बंद पडला आहे. आपल्या देशात फिल्म बनत होती याचा मला अभिमान आहे आणि ती आता बनत नाही याचं दुःखही. आज प्रत्येक रोल परदेशातून येतो आणि महाग पडतो, म्हणून रसायनं तरी घरी तोलावीत.

काळं-पांढरं जुनाट झालं असं म्हणणाऱ्यांना मी छायाचित्रकार सुधारक ओलवे यांची मुंबईच्या सफाई कामगारांवरची छायाचित्रं पाहायला सांगतो. गटारात उतरलेल्या माणसाच्या अंगावरचा चिखल आणि त्याची कातडी यांतला फरक त्या करड्या छटांतून डोळ्यांत घुसतो.

दगडाचं गणित वेगळं. लोणारच्या दैत्यसूदन मंदिराच्या कोरीव भिंतींसाठी मी एफपी४ प्लस घेतो आणि रोडिनालमध्ये, एकास पन्नास, धुतो. १८९१ पासूनचा हा डेव्हलपर. तो ग्रेन मऊ करत नाही, कण जसाच्या तसा ठेवतो. बेसॉल्टचा खरखरीतपणा, छिन्नीचा घाव, मूर्तीच्या झिजलेल्या कडा त्यात नेमक्या येतात. त्याच रोडिनालमध्ये धुतलेला म्हाताऱ्या बाईचा चेहरा मात्र दगडासारखाच कोरडा दिसतो. म्हणून लोणारला जाताना मी दोन कॅमेरे घेतो. मंदिरासाठी एक, आणि पायरीवर बसलेल्या माणसांसाठी दुसरा, त्यात एचपी५.