सात अंशांची तूट

सोन्याच्या नॅनोकणांची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातली चित्रे पाहताना माझी नजर नेहमी पंचकोनी कणावर अडते. पाच रेषा मध्यभागी एकत्र आलेल्या. सोन्याच्या एकसंध स्फटिकात पंचकोनी सममिती बसतच नाही. इथे मात्र पाच चतुष्फलक एकाच कडेभोवती जुळून उभे असतात. जपानच्या शोझो इनो यांनी 1966 साली सोन्याच्या पातळ थरांत असे बहुजुळे कण दाखवले.

चतुष्फलकाच्या दोन पृष्ठांमधला कोन 70.53 अंशांचा. पाचांचे मिळून 352.65. वर्तुळ पुरे व्हायला 7.35 अंश कमी पडतात. ही फट उघडी राहत नाही. कणातले अणू जरा जरा ताणले जातात आणि ती मिटवतात. त्याची किंमत साऱ्या कणाला मोजावी लागते.

मग तो हे ओझे का वागवतो? कण इतका लहान की त्याचे कितीतरी अणू पृष्ठभागावरच असतात, आणि या रचनेत सर्वांत दाट, म्हणून सर्वांत स्वस्त पृष्ठे बाहेर येतात. पण पृष्ठाची बचत क्षेत्रफळाने वाढते, ताण घनफळाने. कण वाढू लागला की हिशेब उलटतो.

मला खरे गुंतवते ते यापुढचे. पाचही चतुष्फलक जिच्याभोवती जुळतात ती कड म्हणजे दोषाची रेषा. नुसत्या ताणाचा विचार केला तर ती मध्यात असणे सर्वांत महाग. कडेला सरकली की ताण हलका होतो, बाहेर पडली की संपतो. तरी ती सहसा सुटत नाही, कारण ती सरकली की कण एका अंगाला फुगतो आणि त्याचे पृष्ठ वाढते. दोषाला मध्यात धरून ठेवतो तो बाहेरचा आकार! लॉरेन्स मार्क्स यांनी 1980च्या दशकात दाखवले की जुळ्या चतुष्फलकांच्या सीमा जिथे पृष्ठाला भिडतात तिथे खाचा पडल्या तर ही रचना आणखी स्वस्त होते, आणि मोठ्या कणांतही टिकते. काही अणू गमावून आलेले हे स्थैर्य मला फार मोलाचे वाटते.

चांदीच्या नॅनोतारा अशाच पंचजुळ्या बीजांतून वाढतात: जाडी काही दहा नॅनोमीटर, लांबी मायक्रोमीटरमध्ये. द्रावणात ऑक्सिजन आणि क्लोराइड दोन्ही असले, तर ही ताणलेली बीजे आधी विरघळतात आणि एकसंध स्फटिक मागे राहतात. म्हणून तारा हव्या असतील तर बीजातला दोष जपावा लागतो. तो तारेच्या पूर्ण लांबीभर मधोमध जातो.