मी म्हणाले, ‘चार’

आईला करंडकाचा फोटो पाठवला तेव्हा डोंबिवलीत सोमवारची सकाळ उजाडली होती आणि इथे न्यू जर्सीत रविवारची रात्र. दोन मिनिटांत तिचा फोन आला. “अगं, शनिवारी तर म्हणालीस पहिलीच मॅच हरले. मग जिंकलीस कशी?”

मी तिला समजावलं. पूल या खेळाच्या इथल्या बहुतेक स्पर्धांत एकदा हरलं की बाहेर, असं नसतं. दोनदा हरावं लागतं. पहिल्यांदा हरलं की नाव दुसऱ्या बाजूला जातं, लूझर्स साइडला. तिथून एकही सामना न हरता वर चढत आलं तर अंतिम सामना मिळतो. आम्ही सोळा जणी होतो. पहिल्याच फेरीत हरणारीला तिथे पोहोचायला सलग सहा सामने जिंकावे लागतात आणि मग सातवा, अंतिम. “म्हणजे एक चूक माफ,” आई म्हणाली. मी हो म्हणाले आणि विषय बदलला.

पुढे गणपतीत इथल्या मराठी मंडळाने शाल-श्रीफळ दिलं. निवेदिकेने फार आपुलकीने सांगितलं की पहिल्या पराभवाने खचून न जाता मी जिद्दीने लढले. टाळ्या झाल्या. मी हात जोडून उभी होते आणि मला तिथून निघून जावंसं वाटत होतं. त्या गोष्टीतला एक डाव कुणाला माहीत नव्हता. तो लिहायचा म्हणून हा लेख.

माझा हात कॅरमवर तयार झाला. चाळीच्या गॅलरीत दादाबरोबर, वर टांगलेल्या दिव्याखाली, बोरिक पावडरने बोटं पांढरी होईपर्यंत आम्ही खेळायचो. गणेशोत्सवातल्या स्पर्धांत मी दोनदा बक्षीस घेतलं. पूल मला बत्तिसाव्या वर्षी भेटला, ऑफिसशेजारच्या हॉलमध्ये. कोन आधीपासून दिसत होते, हात मात्र चुकीचा होता. कॅरममध्ये बोटाचा झटका लागतो आणि तिथेच थांबतो. क्यू, म्हणजे खेळायची काठी, तसा थांबवला तर पांढरा बॉल ऐकत नाही, फटक्यानंतरही क्यू सरळ पुढे जावा लागतो. हे अंगात भिनायला दोन वर्षं गेली. त्या हॉलच्या भिंतीवर ॲलिसन फिशरचं पोस्टर होतं. महिला स्नूकरची सात जागतिक विजेतेपदं मिळवून ती १९९५ मध्ये इंग्लंडहून अमेरिकेत आली आणि पूलमध्येही सर्वांत वरच्या जागेवर पोहोचली. एका खेळाचा हात दुसऱ्या खेळात नेता येतो, हे त्या पोस्टरकडे बघून मी स्वतःला सांगत असे.

आम्ही खेळतो तो नाइन-बॉल. एक ते नऊ क्रमांकांचे बॉल, नववा पॉकेटमध्ये घालणारी डाव जिंकते. पण प्रत्येक फटक्याला पांढऱ्याने टेबलावरच्या सर्वांत लहान क्रमांकाला आधी शिवलं पाहिजे. दुसऱ्या बॉलला आधी लागलं तर फाउल, आणि समोरचीला पांढरा उचलून हवा तिथे ठेवता येतो. चांगल्या खेळाडूच्या हातात असा पांढरा दिला की तो डाव बहुधा गेलाच. कॅरममध्ये स्ट्रायकर आधी कुठल्या सोंगटीला लागला याला महत्त्व नसतं. इथे सगळं त्यावरच आहे.

आमच्या भागातल्या महिलांच्या टूरची ती स्पर्धा दोन दिवसांची होती. शनिवारी सकाळी भिंतीवर ड्रॉ लागला आणि मी पहिली चूक केली. माझं नाव शोधल्यावर मी समोरचं नाव नीट वाचलंसुद्धा नाही, बोट फिरवत थेट तिसऱ्या फेरीत कोण येईल ते बघायला लागले. पहिल्या फेरीत साठी ओलांडलेल्या एक बाई होत्या. मनगटाला पट्टा, क्यूची मूठ घासून गुळगुळीत झालेली. मी त्यांना मनातल्या मनात हरवून टाकलं होतं.

सामना आधी सात डाव जिंकेल तिचा. त्या बाई प्रत्येक फटक्याआधी टेबलाला एक फेरी मारायच्या. सरळ संधी नसेल तर घालायचा प्रयत्नच करायच्या नाहीत, लहान बॉलला हळूच शिवून पांढरा दुसऱ्या बॉलमागे लपवायच्या. याला सेफ्टी म्हणतात. मला तेव्हा सेफ्टी म्हणजे पळवाट वाटायची. मी चिडत गेले. लपलेल्या पांढऱ्यावरून टेबलाच्या कडेची दोन कुशन घेऊन उत्तर द्यायची, ते चुकायचं, फाउल व्हायचा.

दुसरी गोष्ट पुश-आउटची. ब्रेकनंतरच्या, म्हणजे डाव फोडल्यानंतरच्या, पहिल्या फटक्याला, आधी सांगून, पांढरा कुठेही ढकलता येतो, कशालाही लागला नाही तरी चालतो. मग समोरची ठरवते, तिथून स्वतः खेळायचं की तुम्हालाच खेळायला लावायचं. यातलं सगळं शहाणपण समोरचीला ओळखण्यात आहे. मी पांढरा अशा जागी ढकलत होते जिथून मला काही सुचत नव्हतं आणि जे मला अवघड ते सगळ्यांनाच अवघड असं धरून चालले होते. त्या बाईंचा बँक शॉट पक्का होता. तीन वेळा मी पुश केलं, तीनही वेळा त्यांनी मान हलवली, स्वतः खेळल्या आणि बॉल कुशनवरून फिरवून आत घातला. तिसऱ्या वेळेलाही मला कळलं नाही की मीच त्यांना वाढून देतेय.

मी ३-५ ने मागे होते. नवव्या डावात चार नंबर बाजूच्या पॉकेटच्या तोंडाशी होता आणि त्याच्या पुढ्यात, अर्धा झाकून, पाच. पांढऱ्याला पाचच्या कडेवरून केसभर जागा होती. अशा वेळी शहाणी खेळाडू थांबते, शेजारच्या टेबलावरून कुणाला तरी बोलावते आणि म्हणते, जरा बघा. आमच्या स्पर्धांत प्रत्येक टेबलाला पंच नसतो. आपला फाउल आपणच सांगायचा असतो. बघायला कुणालाही आधी बोलावलं नसेल तर साधारणपणे खेळणारीचा शब्द चालतो. मी कुणाला बोलावलं नाही. त्या बाई माझ्या पाठीमागच्या बाजूला बसल्या होत्या, माझ्या खांद्याआड.

मी खेळले. आवाज दोन आले. आधी एक बारीक ‘टिक’, लगेच मागून ‘ठक’. चार पॉकेटमध्ये पडला, पाच चार बोटं सरकला. पाच सरकला यात काही नव्हतं, चारला लागून परतताना पांढरा त्याला शिवू शकतो. पण मग आधी ‘ठक’ यायला हवा होता. शिवाय मी बॉलवर वाकलेली होते. पाच आधी हलला, हे मला दिसलं होतं.

मागून आवाज आला, “चार आधी?”

मी म्हणाले, “चार.”

प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये एक श्वासही गेला नाही. नंतर मी स्वतःला पुष्कळ सांगून पाहिलं की गोंधळ झाला, कॅरमच्या हाताला ही सवय नाही, क्षणभर खात्री नव्हती. हे खरं नाही. मला खात्री होती. बाईंनी मान हलवली आणि पाण्याचा घोट घेतला. मी पाचपासून नऊपर्यंत सगळे घातले. ४-५.

त्यानंतरचे दोन डाव मला आठवत नाहीत. मी ७-४ ने हरले. हात मिळवताना त्या म्हणाल्या, “चांगली खेळलीस.” मी गाडीत जाऊन बसले. डबा होता, उघडला नाही. नवऱ्याला मेसेज केला, ‘पहिली गेली.’ आणि मनात हिशेब मांडला की तो डाव घेऊनही मी हरलेच, म्हणजे कुणाचं काही बिघडलं नाही. हा हिशेब मला अर्धा दिवस पुरला.

दुपारपासून लूझर्स साइड. तिथे आधी पाच डाव जिंकेल तिचा सामना. पहिले दोन मी ५-२, ५-३ असे जिंकले. मी हळू खेळायला लागले होते. टेबलाला फेरी मारत होते. सेफ्टी खेळत होते. सकाळी ज्यांची चीड आली होती त्यांचंच सगळं उचललं होतं. आमच्या गटातल्या एका मैत्रिणीने सांगितलं, त्या बाई पुढचे दोन्ही सामने हरून संध्याकाळीच घरी गेल्या. मला बरं वाटलं. हे लिहायला जड जातंय, पण मला बरं वाटलं, कारण आता त्या दिसणार नव्हत्या.

तिसरा सामना रात्री अकराला सुरू झाला. समोर कॉलेजात शिकणारी एक मुलगी. ४-४. शेवटच्या डावात सात, आठ, नऊ राहिले होते, टेबल तिचं होतं आणि तिन्ही बॉल उघडे होते. मी पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होते, टेबलाकडे बघतही नव्हते. ती सातवर वाकली, दोन-तीनदा क्यू मागेपुढे केला आणि सरळ उभी राहिली. हात वर केला. “फाउल. टिप लागली पांढऱ्याला.”

पांढरा हलल्याचं कुणालाच दिसलं नव्हतं. शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, “मला तर काही दिसलं नाही.” मुलगी म्हणाली, “मला जाणवलं.” तिने पांढरा उचलून माझ्या हातात दिला. तिच्या बोटांना निळा चॉक लागला होता, तो बॉलवर उमटला. मी तो पुसला, सातच्या मागे ठेवला आणि तीन फटक्यांत सामना जिंकला.

तो डाव मी सोडून देऊ शकले असते. तेव्हा हा विचार मनात आलाच नाही. बक्षिसं पहिल्या चौघींना होती. ती मुलगी सातव्या-आठव्या जागेवर थांबली. सकाळी मी जे केलं तेच तिने रात्री केलं असतं तर माझी स्पर्धा तिथेच संपली होती. ती रडली नाही, काही बोलली नाही. क्यूचे दोन भाग वेगळे करून पिशवीत ठेवले आणि वडिलांबरोबर निघाली. मला रात्रभर झोप आली नाही.

रविवारी चार सामने झाले. पहिले तीन मी घेतले. अंतिम सामना एकच, आधी नऊ डाव जिंकेल तिचा होता, समोरची एकही सामना न हरता आलेली. तिचा ब्रेक माझ्यापेक्षा कितीतरी जोरकस. पण लांबून बारीक कट मारताना ती डळमळते हे मी शनिवारी पाहिलं होतं. प्रत्येक पुश-आउटला मी तिला तेच दिलं. माझा पांढरा कुठे सोयीचा हे न बघता तिला काय नको ते बघत राहिले. ९-६. शेवटचा नऊ नंबर कोपऱ्याच्या पॉकेटच्या ओठावर क्षणभर रेंगाळला आणि पडला. हा सामना मी चांगली खेळले, याबद्दल मला शंका नाही.

पुढची स्पर्धा दोन महिन्यांनी होती. मी लवकर गेले. त्या बाई एकट्याच सराव करत होत्या. मी जवळ गेले आणि सांगितलं, त्या दिवशी पाच आधी लागला होता, मला दिसलं होतं आणि तुम्ही विचारल्यावर मी खोटं सांगितलं.

त्यांनी क्यू टेबलावर आडवा ठेवला. “मला आवाज आला होता,” त्या म्हणाल्या. “म्हणूनच विचारलं.” मग थोड्या वेळाने, “मला वाटलं होतं, तू सांगशील.”

मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली, हातही मिळवला. त्या कॉलेजच्या मुलीलाही मी नंतर गाठलं आणि तिच्या सामन्याआधी त्याच दिवशी मी काय केलं होतं ते सांगितलं. ती फक्त “ओके” म्हणाली.

त्यानंतर त्या बाईंशी माझे दोन सामने झाले. एक त्या जिंकल्या, एक मी. दोन्ही सामन्यांत, मी दोन बॉल जवळजवळ असलेल्या फटक्यासाठी वाकले की त्या खुर्चीतून उठायच्या, टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला यायच्या आणि वाकून बघायच्या. बाकी कुणाशी खेळताना त्या तसं करत नाहीत, मी मुद्दाम पाहिलं आहे. त्यांचं बरोबर आहे.