वही कोणाकडे?

बँकेत जन्म काढलेल्या माणसाला आद्याक्षरांची भीती वाटत नाही. केवायसी, एनपीए, टीडीएस यांच्याबरोबर आम्ही डबा खातो. पण वाचनालयाच्या कार्यकारिणीत डीएनएसचा विषय निघाला, तेव्हा आप्पांनी काळजीने विचारलं, "ही उपाशीपोटी करायची असते का हो?"

नाही. आपण वेबसाइटचं नाव टाइप करतो, यंत्राला लागतो आकडा. नावापुढे आकडा लिहिलेली वही म्हणजे डीएनएस. पूर्वी नेटवर्कमधल्या सगळ्या यंत्रांची मिळून एकच यादी असे, आणि ती कॅलिफोर्नियातली एक संस्था सांभाळी. (तिथल्या कारकुनाबद्दल मला नितांत आदर आहे.) यादी आवरेना, तेव्हा 1983 साली पॉल मोकापेट्रिस यांनी ज्याचं पान त्याने सांभाळावं अशी व्यवस्था आखली.

आता आमचं पान कोणी सांभाळायचं? होस्टिंगवाला म्हणाला, "आमच्याकडेच द्या, साहेब. सर्व्हर हलवला तर आकडा आम्हीच बदलू. तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

खरं होतं ते. आणि मला भीती त्या न कळण्याचीच! कारण त्याच वहीत वेबसाइटच्या ए रेकॉर्डखाली टपालाचा एमएक्स रेकॉर्ड असतो, आणि आमचं ईमेल निराळ्याच कंपनीकडे. वाचनालयाची वेबसाइट दोन दिवस बंद पडली तर कोणी दार ठोठावत नाही. अनुदानाचं पत्र बुडालं तर ग्रंथपालाचा पगार अडतो. उद्या भाड्यावरून बिनसलं, तर घरमालकाने खोलीबरोबर आपली पाटी आणि टपालपेटीही अडकवून ठेवायची?

ठराव झाला : वही आपल्याकडे. आकडा बदलायचा तर होस्टिंगवाल्याने आधी कळवावं, म्हणजे टीटीएल वेळेत कमी करून ठेवता येईल. तो 86,400 सेकंदांचा राहिला, तर नोंद बदलूनही जुना आकडा लोकांकडे दिवसभर फिरत राहतो.

त्या खात्याला वाचनालयाचाच ईमेल द्यावा, असं चिटणीस म्हणाले. म्हणजे कपाटाची किल्ली कपाटात! टपाल बंद पडलं की नवा पासवर्ड येणार त्याच बंद पेटीत. बाहेरचा पत्ता दिला.

शेवटी मी तिजोरीचा दाखला दिला. दोन किल्ल्या, दोन खिसे. एक खिसा अर्थातच माझा ठरला, दुसरा चिटणिसांचा. दिवाळी अंकांच्या खरेदीपासून आम्ही एकमेकांशी फक्त लेखी बोलतो.