जव्हार-मोखाडा : फेब्रुवारीत मोजलेली माणसे

भारताची जनगणना फेब्रुवारीत होते. २०११ साली माणसांची प्रत्यक्ष मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या वीस दिवसांत झाली. जव्हार नगरपरिषदेच्या हद्दीत १२,०४० माणसे भरली, जव्हार तालुक्यात १,४०,१८७ आणि शेजारच्या मोखाडा तालुक्यात ८३,४५३. अहवालांत, योजनांत, वर्तमानपत्रांत हेच आकडे फिरत राहतात. क्वचितच विचारला जाणारा प्रश्न असा, की फेब्रुवारीत जव्हार-मोखाड्यात असते कोण?

हा धागा त्या प्रश्नाचा आहे. त्याचे दुसरे टोक मात्र जवळपास सातशे वर्षे मागे आहे.

जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार फुटांवर, सह्याद्रीच्या एका पठारावर वसले आहे. तिन्ही-चारही बाजूंनी खोल दऱ्या, त्यापलीकडे पुन्हा डोंगर. इथल्या राजवंशाची जन्मकथा ब्रिटिशकालीन ठाणे गॅझेटिअरने नोंदवली आहे. जव्हार तेव्हा एका वारली प्रमुखाकडे होते. जायबा मुकणे नावाचा महादेव कोळी पुरुष त्याच्याकडे गेला आणि एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. वारल्याने होकार दिला. जायबाने कातड्याच्या बारीक पट्ट्या कापल्या, त्या एकापुढे एक अंथरल्या आणि बघता बघता पठार वेढले गेले. वारली प्रमुखाची समजूत गंभीरगड व त्याच्या आसपासचा मुलूख देऊन काढण्यात आली.

हीच कथा भूमध्य समुद्राकाठच्या कार्थेज नगरीबद्दल, तिथल्या डायडो राणीबद्दल सांगितली जाते. दोन्हींचा संबंध जोडायला पुरावा नाही आणि जोडण्याचे कारणही नाही. पण जव्हारच्या कथेत एक बारकावा टिकून राहिला, तो मोलाचा आहे. राज्य कोळ्यांचे झाले तरी जमीन आधी वारल्यांची होती, हे खुद्द विजेत्यांच्याच वंशकथेत मान्य केलेले आहे.

कथेतून इतिहासात येताना पहिली ठळक तारीख लागते ती ५ जून १३४३. जायबाच्या मुलाला दिल्लीच्या सुलतानाने, म्हणजे मुहंमद तुघलकाच्या दरबाराने, राजा म्हणून मान्यता दिली आणि ‘नेमशहा’ हा किताब दिला. बावीस किल्ले आणि नऊ लाखांचा मुलूख त्याच्याकडे होता, असे परंपरा सांगते. त्या दिवसापासून जव्हारने स्वतःची कालगणना सुरू केली आणि ती पुढे शतकानुशतके दरबारी कागदांत वापरली. एवढ्याशा डोंगरी संस्थानाने स्वतःचा शक चालवावा, ही ऐट तरुण अभ्यासकांनी लक्षात ठेवावी अशीच आहे.

जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर गेले. त्या वाटेवर जव्हारजवळच्या माळावर त्यांचा मुक्काम झाला, राजा विक्रमशहाने त्यांना शिरपेच अर्पण केला आणि म्हणून त्या जागेचे नाव शिरपामाळ पडले, अशी स्थानिक परंपरा आहे. तिथे आज स्मारक आहे. स्मारकापाशी सहसा न सांगितला जाणारा पुढचा भाग असा, की १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार जिंकून घेतले आणि विक्रमशहाला मोगली मुलखाचा आश्रय घ्यावा लागला. सुरतेची वाट ज्याच्या हद्दीतून जाते त्याचा शिरपेच पुरेसा नसतो. वाटच ताब्यात लागते. अठराव्या शतकात मराठ्यांनी या राज्याचे लचके तोडले आणि इंग्रजांच्या हाती ते आले तेव्हा मूळच्या बावीस किल्ल्यांच्या कहाणीतले फारसे काही उरले नव्हते.

१९०१ च्या जनगणनेत संस्थानाचे क्षेत्र ३१० चौरस मैल होते आणि लोकसंख्या ४७,५३८. राजधानीच्या गावात साडेतीन हजारांच्या आसपास वस्ती होती. १९१८ साली तिथे नगरपालिका आली. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होते. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. पुढे यशवंतराव लोकसभेवरही निवडून गेले. जयविलास राजवाडा अजून उभा आहे.

मोखाड्याची गोष्ट निराळी. आज ‘जव्हार-मोखाडा’ हा जोडशब्द इतका रुळला आहे की दोन्ही एकाच राज्यातली वाटतात. प्रत्यक्षात मोखाडा हा ब्रिटिश ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्याचा पेटा होता. एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला कलेक्टर. दोन्हीकडची माणसे मात्र तीच : कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी. दोन्ही तालुक्यांत आजही दर दहांतले नऊजण आदिवासी आहेत.

आणि दोन्हीकडे पाऊसही तोच. वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस इथे कोसळतो, पण काळा कातळ आणि तीव्र उतार त्याला थांबू देत नाहीत. नागली, वरई, खुरासणी, उडीद, खाचरात थोडा भात. एकच हंगाम, तोही पावसाच्या जोरावर. दिवाळीनंतर विहिरी तळ दाखवू लागतात. मार्च-एप्रिलमध्ये मोखाड्याच्या पाड्यांवर टँकर सुरू होतात.

आता याच मोखाडा तालुक्यात, कोचाळे इथे, वैतरणेवर मुंबई महानगरपालिकेने १०२ मीटर उंचीचे मध्य वैतरणा धरण बांधले. त्यातून मुंबईला रोज ४५.५ कोटी लिटर पाणी मिळावे अशी योजना आहे. ही रक्कम मोखाड्याच्या २०११ च्या लोकसंख्येने भागली तर माणशी रोज ५,४०० लिटरांहून अधिक येते. भागाकार अर्थातच कागदावरचा आहे. नळ मुंबईतच उघडतो. त्याच नदीवर खाली १९५७ पासून मोडकसागर आहे आणि वर नाशिकच्या हद्दीत ऊर्ध्व वैतरणा. मुंबई ज्या सात जलाशयांवर जगते त्यांतले तीन या एकाच नदीवरचे.

पश्चिमेला सूर्या नदीवर धामणी आणि कवडास ही धरणे झाली. त्यांचे कालवे डहाणू-पालघरच्या आदिवासी शेतकऱ्यांना दुबार पीक मिळावे म्हणून खोदले गेले. पुढे त्या पाण्यात वसई-विरारचा आणि मीरा-भाईंदरचा वाटा वाढत गेला. कालवा मुळात कुणासाठी होता, यावर आजवर आंदोलने होत आली आहेत. जव्हारच्या पठारावर तर कालवाही पोचत नाही. पाणी उताराने खाली जाते आणि शहर खालीच आहे.

पाण्यामागून माणसे जातात. खाचरातला भात झोडून झाला, दिवाळी आटोपली, की कुटुंबेच्या कुटुंबे वसई, भिवंडी, कल्याणच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघतात. लहान मुले बरोबर असतात, घराला कडी घातलेली असते, म्हातारी माणसे मागे राहतात. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली तेव्हा अवघ्या राज्याचे लक्ष इकडे वळले. त्यानंतर कार्यालये आली, योजना आल्या, १ ऑगस्ट २०१४ ला स्वतंत्र पालघर जिल्हाही झाला. दिवाळीनंतरची वाट तशीच राहिली.

आता जनगणनेचा नियम पाहावा. मोजणीच्या संपूर्ण काळात जो माणूस घरी नसतो, त्याची नोंद तो जिथे सापडेल तिथे होते. म्हणजे फेब्रुवारीचे ते वीस दिवस भट्टीवर काढणारे कुटुंब, गणक तिथवर पोचलाच तर, भिवंडी किंवा वसईच्या खात्यात जमा होते. गणक पोचला नाही तर ते कुठेच नसते. ८३,४५३ हा आकडा खोटा नाही. तो फेब्रुवारीतल्या मोखाड्याचा आहे. आषाढात आवण लावायला खाचरात उतरलेला मोखाडा जनगणनेने कधी पाहिलेलाच नाही. रेशन, अंगणवाडी, दवाखाना, पाणीयोजना यांचा हिशेब मात्र फेब्रुवारीच्याच आकड्यावर मांडला जातो.

भट्टीवरची माणसे परततात ती होळीला. आदिवासी पाड्यांवर दिवाळीपेक्षा होळीचा सण मोठा. त्यानंतर गावोगाव बोहाडा रंगतो. देवदेवतांचे लाकडी आणि कागदी लगद्याचे मुखवटे चढवून सोंगे रात्रभर नाचतात. शिवार कोरडे असते, विहीर आटलेली असते, पण गाव भरलेले असते.

२०११ साली मोजणी संपली २८ फेब्रुवारीला आणि होळी आली १९ मार्चला. पुढच्या जनगणनेचा संदर्भ-दिवस १ मार्च २०२७ असा जाहीर झाला आहे. त्या वर्षी होळी त्यानंतर तीन आठवड्यांनी आहे.