दोन वह्या

आमच्या स्वयंपाकघरातील फळीवर गेली तीन वर्षे दोन वह्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. एक मी आणलेली, निळ्या पुठ्ठ्याची; दुसरी मुलाने स्वतः विकत आणलेली, चौकटी आखलेल्या कागदाची. पहिलीत त्याच्या रक्तातील साखरेचे आकडे आहेत, दुसरीत त्याच्या मोटारीचे. पहिली वही भरावी म्हणून मी वर्षभर त्याच्या मागे लागले होते. दुसरी भरण्यासाठी त्याला कोणी एका शब्दानेही सांगितले नव्हते.

मुलगा तेरा वर्षांचा असताना, ऐन पावसाळ्यात, त्याची तहान वाढली. रात्री तीन-तीनदा तो लघवीला उठू लागला. जेवण भरपूर, तरी शाळेचा गणवेश अंगावर लोंबू लागला. ‘वाढीचे वय आहे’ असे म्हणून आम्ही तीन आठवडे घालवले. ते घालवायला नको होते. एका पहाटे त्याला उलट्या होऊ लागल्या, श्वास जोराने चालू लागला, तेव्हा त्याला रुग्णालयात दाखल करावे लागले आणि टाईप वन मधुमेहाचे निदान झाले. या आजारात शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. गोड खाण्याशी त्याचा संबंध नाही. तरीही भेटायला आलेल्या नातेवाइकांपैकी निम्म्यांनी मला विचारले, ‘‘एवढं गोड घालत होता का गं त्याला?’’ त्या प्रश्नाचा राग मला अजून येतो.

दिवसातून चार इंजेक्शने आणि निदान चार वेळा बोट टोचून तपासणी असा क्रम सुरू झाला. डॉक्टरांनी मुलाला समजावताना एक गोष्ट सांगितली, ती त्याच्या मनात राहिली. जगात इन्शुलिनचे पहिले इंजेक्शन घेणारा रुग्ण त्याच्याच आगेमागे वयाचा होता : टोरांटो येथील चौदा वर्षांचा लिओनार्ड थॉम्प्सन. ११ जानेवारी १९२२ रोजी त्याला टोचलेला पहिला अर्क अशुद्ध होता. त्याचा उपयोग जेमतेम झाला आणि अंगावर प्रतिक्रिया उमटली. अर्क अधिक शुद्ध करून बारा दिवसांनी पुन्हा दिला, तेव्हा मुलगा सावरला.

मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते. आकड्यांची मला भीती नाही, उलट त्यांवर माझा फार भरवसा. संध्याकाळी घरी आले की चप्पल काढण्याआधी मी निळी वही उघडत असे. ‘‘दुपारी दोनशे ऐंशी? का?’’ ‘‘काय खाल्लंस?’’ ‘‘काल सांगितलं होतं ना?’’ उत्तरपत्रिका तपासण्याच्या सवयीने मी त्याची साखर तपासत होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही. काही महिन्यांनी वहीतील आकडे सुधारले. ११८, १२४, १३१, ११९. मी मनात पेढे वाटले. मग तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए-वन-सी चाचणी झाली. सातच्या आसपास अपेक्षित असलेला आकडा साडेनऊच्या वर गेला होता. डॉक्टरांनी वही चाळली. पंधरा दिवसांचे आकडे एकाच शाईत, एकाच तिरप्या अक्षरात, एका बैठकीत लिहिलेले होते. डॉक्टर काही बोलले नाहीत. त्यांनी वही मिटून माझ्याकडे दिली, मुलाकडे नव्हे.

त्या दिवाळीत माझा भाऊ पुण्याहून आला तो एक मोठा खोका घेऊन. आत रिमोटची मोटार होती, पण सुटी. प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले भाग, स्क्रूंच्या पुड्या, बेअरिंग, मोटर आणि एक जाड आकृतिपुस्तिका. जपानमधील शिझुओका येथील टॅमिया ही कंपनी १९७६ पासून असे संच बनवते. आमचा संच टीटी-०२ जातीचा, खऱ्या मोटारीच्या एक दशांश मापाचा. चारही चाकांना मधल्या दांड्यातून गती देणारा. मुलाचा चेहरा आधी पडला. ‘‘मामा, ही चालत नाही?’’ भाऊ म्हणाला, ‘‘तू चालवशील तेव्हा चालेल.’’

पुढचे दोन आठवडे आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवण झाले नाही. नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत टूलरूम सांभाळणाऱ्या माझ्या यजमानांनी घरचा व्हर्निअर कॅलिपर बाहेर काढला आणि बापलेक खाली मान घालून बसू लागले. प्लास्टिकमध्ये एकदा बसवलेला स्क्रू पुन्हा लावताना आधी तो उलटा फिरवायचा, ‘टक्’ असा बारीक आवाज होऊन तो जुन्या आट्यात उतरला की मगच सुलटा आवळायचा, ही युक्ती मी तिथेच शिकले. पुढच्या व मागच्या डिफरन्शियलमध्ये ग्रीस किती भरायचे, यावर दोन संध्याकाळी वाद झाला. बाहेरचे कवच पारदर्शक पॉलिकार्बोनेटचे असते आणि ते आतून रंगवतात, म्हणजे बाहेर घासले तरी रंग जात नाही. खिडक्या चिकटपट्टीने झाकायच्या, गडद रंग आधी आणि फिका नंतर मारायचा. हे काम मी गच्चीवर, तोंडाला मास्क बांधूनच करू दिले. तो फवारा बंद खोलीत नाकात जाणे बरे नव्हे.

बॅटरीबद्दलही इथेच लिहिते, कारण असे संच आता अनेक घरांत येत आहेत. लिथियम पॉलिमर बॅटरी दोन कोषांची असेल तर पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट दाखवते. प्रत्येक कोष ३ व्होल्टच्या खाली जाऊ द्यायचा नाही. ती फुगली, चेपली किंवा योग्य चार्जरशिवाय भरली तर पेट घेऊ शकते. झोपण्याच्या खोलीत, गादीवर किंवा कोणी जवळ नसताना ती कधीही चार्ज करू नये.

नगरला गाड्यांचे वेड नवे नाही. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले, आमच्या तोंडी अजून नगर आहे. लष्कराच्या वाहनांची चाचणी घेणारी वाहन संशोधन व विकास संस्था, अर्थात व्हीआरडीई, इथलीच. रणगाडा संग्रहालयातील जुन्या रोल्स-रॉईस चिलखती गाडीपुढून मुलाला लहानपणी ओढून न्यावे लागे. पण एक दशांश मापाच्या मोटारीला शर्यतीचा मार्ग मिळणे कठीण होते. शेवटी यजमानांच्या ओळखीने वसाहतीतील एका बंद गोदामासमोरचे डांबरी आवार रविवारी सकाळी मिळाले. दोरी अंथरून आणि पाण्याच्या बाटल्या ठेवून वळणे आखली.

मोटार पहिल्याच वळणावर गिरकी घेऊन उलटी तोंड करून उभी राहिली. दुसऱ्या वेळीही तेच. डिसेंबरच्या सकाळी डांबर गार असते, वर धुळीचा थर. रबरी टायर पकड घेत नाहीत आणि मागची बाजू निसटते. घरी येऊन मुलाने एका रात्रीत मागच्या स्प्रिंग बदलल्या, शॉक अ‍ॅब्सॉर्बरमधील तेल पातळ केले आणि चाकांचा कलही बदलला. पुढच्या रविवारी मोटार आणखी वाईट पळाली, आणि कोणत्या बदलाने ती बिघडली हे सांगणे अशक्य झाले. सगळे पूर्ववत करण्यात तो आठवडा गेला. त्यानंतर त्याने ती चौकटीची वही आणली.

त्या वहीत दर रविवारच्या पानावर हवा, डांबर, धूळ, जमिनीपासूनची उंची (बहुधा ६ मिलिमीटर), स्प्रिंग, तेल, दाते आणि फेरीला लागलेले सेकंद असत. मूळ रचनेत मोटरच्या छोट्या चक्राला २२ आणि मोठ्याला ७० दाते. आतील चक्रे धरून मोटरच्या ८.२७ फेऱ्यांत चाक एकदा फिरते. त्याने छोटे चक्र २० दात्यांचे लावून पाहिले, प्रमाण ९.१ झाले. नोंद अशी : ‘मोटर कमी तापते. वळणातून लवकर निघते. सरळ रस्त्यावर मंद. फेरी ०.२ ने चांगली.’ मागच्या स्प्रिंग मऊ केल्यावर मागची पकड वाढली, तीही नोंद होती. एका वेळी एकच बदल, मग दहा फेऱ्या.

जानेवारीतील एका रविवारी मी सोबत गेले होते. यजमान पहिल्या पाळीला होते. थंडी इतकी, की मी शाल सोडली नव्हती. साडेनऊच्या सुमारास मोटार एकाच वळणावर तीनदा भिंतीकडे गेली. ‘‘सर्व्हो गेला,’’ असे चिडून म्हणत मुलगा खाली बसला आणि मोटारीचे कवच काढू लागला. क्लिप त्याच्या बोटांतून दोनदा पडली. मी जवळ गेले तेव्हा त्या थंडीत त्याच्या वरच्या ओठावर घाम होता.

‘‘आधी बोट टोच,’’ मी म्हणाले.

‘‘आई, प्लीज, आत्ता नको. आधी हे बघू दे.’’

मीच त्याचा हात धरला. ग्लुकोमीटरवर ५२ आले. सत्तरच्या खाली साखर जाणे म्हणजे तात्काळ उपाय करण्याची वेळ. त्याने सकाळी नेहमीचे इन्शुलिन घेऊन अर्धाच नाश्ता केला होता आणि नंतर दीड तास उलटलेली मोटार सरळ करण्यासाठी आवारभर धावत होता. पाण्यात पंधरा ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे साधारण तीन चपटे चमचे, ढवळून त्याला दिले. चॉकलेट वा चिक्की अशा वेळी चालत नाही, कारण त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. (आणि मूल बेशुद्ध असेल तर तोंडावाटे काहीही न देता थेट रुग्णालय गाठावे.) मग पंधरा मिनिटे थांबायचे आणि पुन्हा तपासायचे.

ती पंधरा मिनिटे आम्ही गोदामाच्या पायरीवर बसून होतो. वेळ जावा म्हणून मी त्याची चौकटीची वही उघडली, ती पहिल्यांदाच. ‘मागचा रविवार : १४.९ सेकंद. या रविवारी : १५.६. धूळ जास्त.’ फेरी बिघडली होती. पण त्या पानावर कोणाला दोष नव्हता, ‘का?’ असे लाल शाईतले प्रश्नचिन्ह नव्हते. जे झाले ते लिहिले होते आणि पुढे काय करून पाहायचे तेही. माझ्या निळ्या वहीत मात्र प्रत्येक आकड्याशेजारी माझ्या अक्षरात एक शेरा होता. दोनशेच्या पुढच्या आकड्यांखाली तर मी रेघा मारल्या होत्या.

पंधरा मिनिटांनी साखर ८१ झाली. बिस्किटे खाऊन त्याने मोटार पुन्हा सोडली. ती त्याच वळणावरून व्यवस्थित गेली. सर्व्होला काही झाले नव्हते. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘‘मीच खाली गेलो होतो.’’

त्या संध्याकाळी मी त्याला सांगितले की यापुढे निळ्या वहीत मी काहीही लिहिणार नाही आणि आकडा पाहून ‘का’ म्हणून विचारणार नाही. त्याने विश्वास ठेवला असे नाही. महिनाभर तो माझी परीक्षा घेत असावा. मुद्दाम ३१० चा आकडा मोठ्या अक्षरात लिहून वही उघडी ठेवली होती. मी पाहिली आणि पोळ्या लाटायला गेले. ते सोपे नव्हते. दोन दिवसांनी वहीत आडवी रेघ दिसली आणि वर लिहिलेले : ‘येथपर्यंतचे आकडे धरू नयेत.’ पुढच्या भेटीत डॉक्टरांनी फक्त रात्रीच्या इन्शुलिनची मात्रा बदलली आणि काही दिवस बाकी काहीही न बदलता नोंद ठेवायला सांगितले. मुलगा म्हणाला, ‘‘हो, नाहीतर कशाने झालं ते कळत नाही.’’ डॉक्टरांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले.

मागच्या वर्षी तो पुण्यात हौशी मंडळींच्या एका छोट्या शर्यतीत उतरला. पाच मिनिटांची एक फेरी, आणि ती संपली की पुढच्या फेरीत उलटलेल्या मोटारी उचलायला वळणावर उभे राहायचे, असा तिथला शिरस्ता. शर्यतीआधी त्याची साखर २३८ होती; खाणे नेहमीचेच. उत्तेजित अवस्थेत शरीर जी संप्रेरके सोडते त्यांनी साखर वर जाते, आणि धावपळ झाली की नंतर ती खाली येऊ शकते, हे आम्हांला डॉक्टरांनी आधी सांगून ठेवले होते. म्हणून घाईने जादा इन्शुलिन घेतले नाही. स्वतःची फेरी संपल्यावर, वळणावर उभे राहण्याआधी त्याने बोट टोचले. १४४. मग खिशात ग्लुकोजची पुडी टाकून तो गेला. नऊ जणांत सहावा आला. परतीच्या वाटेवर सुप्यापर्यंत तो मागच्या टायरविषयी बोलत होता.

एचबीए-वन-सी आता साडेसातच्या आसपास असते. निळी वही मध्येच तीन-तीन दिवस कोरी राहते. गेल्या महिन्यातही राहिली. उन्हाळ्यात इन्शुलिन आणि बॅटरी दोन्ही उन्हातल्या गाडीत ठेवायच्या नाहीत, हा नियम मात्र मोडत नाही. वीज गेली की फ्रिजवर भरवसा नको, म्हणून त्याने मोठ्या मडक्यात ओली वाळू भरून आत लहान मडके बसवले आहे. त्यात कुपी असते.

परवा रात्री भाकरीसाठी स्वयंपाकघरातला वजनकाटा सापडेना. कर्बोदकांचा हिशोब त्यावरच होतो. शोधत त्याच्या खोलीत गेले, तर काट्यावर मोटारीची डावी चाके आणि उजवी चाके तेवढ्याच उंचीच्या पाटीवर. दोन्ही बाजूंचे वजन सारखे आहे का, हे तो पाहत होता. ‘‘बत्तीस ग्रॅमचा फरक आहे गं,’’ तो म्हणाला. ‘‘दोन मिनिटं थांब.’’ भाकरी गार झाली, पण मी थांबले.