तिथं आपलं कोण आहे?

आपल्या घरांत प्रवास दोनच प्रकारचा. एक लग्नकार्याचा, दुसरा दीक्षाभूमी नाहीतर चैत्यभूमीचा. पहिल्यात मुक्काम नातेवाइकांकडे, दुसऱ्यात मांडवात, शाळेच्या वर्गात नाहीतर मैदानावर सतरंजी टाकून. भाडे मोजून खोलीची किल्ली हातात घ्यायची, हे आमच्या आईने सत्तरी ओलांडली तरी केले नव्हते. म्हणून मुलांनी चार दिवस दीवला जायचे ठरवले तेव्हा तिने समुद्राचे काही विचारले नाही. "तिथं आपलं कोण आहे?" एवढेच विचारले.

दीव म्हणजे सौराष्ट्राच्या दक्षिण टोकाचे लहानसे बेट, पुलांनी किनाऱ्याला जोडलेले. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत तिथे पोर्तुगीजांचे राज्य होते. वांद्र्याहून वेरावळपर्यंत रेल्वे आणि पुढे उना मार्गे एस.टी., म्हणजे आपल्या खिशाला झेपणारा प्रवास. प्रश्न होता तो राहायचे कुठे.

धाकट्याला नागोवा पाहिजे होते. घोड्याच्या नालासारखा किनारा, फांद्या फुटलेली ताडासारखी होक्याची झाडे, दारातच समुद्र. पण गुजरातमध्ये दारूबंदी आणि दीवमध्ये दारू खुली, त्यामुळे शनिवार-रविवारी पिणाऱ्यांची झुंबड उडते. बायकामुलांना घेऊन त्यात कशाला राहायचे, असे सौ.चे म्हणणे. पूल ओलांडून घोघल्याचा किनारा लांबलचक आणि स्वच्छ आहे, पण आईच्या गुडघ्यांना रोजची ये-जा नको होती.

मग कुणीतरी एका घरगुती खोलीचा नंबर दिला. अंगण, घरचे जेवण, भाडे बेताचे. मी फोन लावला. नाव विचारले, सांगितले. आडनाव विचारले, सांगितले. मग, "आप लोग किस समाज से?" मी म्हटले, बौद्ध. पलीकडे जरा शांतता. "हमारे यहाँ सब शाकाहारी है." मी म्हटले, चार दिवस आम्हीही शाकाहारी राहू. संध्याकाळी निरोप आला, खोली भरली. दुसऱ्या दिवशी थोरलीने तिच्या मैत्रिणीचे आडनाव सांगून फोन केला. खोली रिकामी होती.

धाकटा म्हणाला, मग त्याच नावाने घेऊन टाकू, आपल्याला काय, झोपायला जागा पाहिजे. थोरली त्याच्यावर उखडली. वाचकहो, १९१७ साली बाबासाहेब परदेशातून शिकून बडोदे संस्थानच्या नोकरीवर गेले, तेव्हा त्यांना गावात कुणी जागा दिली नाही. पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत राहावे लागले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढले. त्यांच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता. आम्हाला आहे. घटनेच्या १५ व्या कलमात हॉटेलाचे नाव घेऊन लिहिलेले आहे, की जातीवरून कुणाला अडवता येणार नाही. घर असले तरी भाडे घेऊन खोली देणे हा धंदाच, असे मला वाटते. पण सुट्टीचे चार दिवस भांडणात घालवायचे, की सरळ दुसरे दार ठोठवायचे? आम्ही दुसरे दार ठोठवले. थोरलीला ते अजून पटलेले नाही, आणि तिचे अगदीच चूक आहे असेही मी म्हणणार नाही.

या सगळ्यात आईच्या कानावर उन्याचे नाव पडले. "उना म्हणजे तेच का, पोरांना मारलं ते?" तेच. ११ जुलै २०१६ ला मोटा समढियाळ्याच्या आपल्या तरुणांना मेलेल्या गाईचे कातडे काढतात म्हणून गाडीला बांधून मारले, ते उना दीवपासून १५-१६ किलोमीटरवर. त्या घरच्यांनी एप्रिल २०१८ मध्ये धम्मदीक्षा घेतली, हेही मी सांगितले. आई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे तिथं आपली माणसं हायेत की." त्यानंतर तिने दीवबद्दल एकही शंका काढली नाही.

शेवटी दीव गावातच, बसस्टँडपासून चालत जाता येईल असा साधा लॉज ठरवला. समुद्र खिडकीतून दिसत नाही, हे खरे. पण बाजार खाली, मासळीची खाणावळ कोपऱ्यावर, १५३५ नंतर पोर्तुगीजांनी बांधलेला किल्ला पायी गाठता येतो, आणि नागोव्याला जायला रिक्षा मिळते. नाताळ-दिवाळीत भाडी चढतात, म्हणून शाळा सुरू असतानाच्या मधल्या सुट्या धरल्या. फोनवर मी आधी पूर्ण नाव आणि समाज सांगितला, मग भाडे विचारले. उगाच पुढे दारात अपमान नको. पलीकडचा माणूस म्हणाला, "आधार कार्ड लेके आना, सबका."

पोचलो तेव्हा काउंटरवरच्या पोराने रजिस्टर पुढे सरकवले. मी लिहायला लागलो तर आईने हात धरला. "माझं नाव मी लिहिते." प्रौढ वर्गात शिकलेली अक्षरे, एकेक करून, आडनावासकट. मागे रांग लागली होती. पोरगा काही बोलला नाही, फक्त पंखा तिच्याकडे वळवला.